पाळ फुटली नाही

मी बोलतेय ती पाळ. तलाव नव्हे.

तलाव माझ्या अंगाला टेकून बसलेला असतो आणि गावात नाव त्याचंच निघतं. 'तलावावर जाऊन येतो' असं सांगून लोक घरातून निघतात. येतात ते माझ्यावर, उभे राहतात ते माझ्यावर, आणि पाण्याचा फोटो काढून परत जातात. माझी तक्रार नाही. मी मातीची आहे. फोटोत मी बाजूच्या जमिनीसारखीच दिसते.

आर्णी तालुक्यात सागाच्या टेकड्यांना लागून सावळदरा नावाचं गाव आहे. तिथल्या नाल्यावर मला आडवी घातली ती बहात्तरच्या दुष्काळात. लोकांना काम द्यायचं होतं आणि नाला रिकामाच होता. मधोमध काळ्या मातीचा गाभा, दोन्ही अंगांना मुरूम, पाण्याच्या बाजूला दगडांची फरसबंदी, अशी माझी रचना. माती बायकांनी डोक्यावरून आणली, पुरुषांनी धुमसाने ठोकली.

त्या बायकांत रुपीबाई होती. नुकतीच लग्न होऊन आलेली. घागऱ्यावरच्या आरशांवर इतकी धूळ बसायची की त्यांत काही दिसायचं नाही. टोपली रिकामी केली की ती तिथेच उभी राहून पायाने माती दाबायची.

"ए बाई, दाबाले मानसं हायेत! तू टोपली आन," मुकादम ओरडायचा.

"माही माती मीच दाबीन," ती म्हणायची आणि दाबायची.

सगळ्यांनीच असं केलं असतं तर बरं झालं असतं. माझ्या पोटाखालून शेतांना पाणी सोडायचा एक पाइप जातो. त्या पाइपाभोवती धुमस नीट पोचत नव्हता आणि त्याच आठवड्यात काम बघायला मोठे साहेब यायचे होते. तिथे माती लोटली आणि वरून सारखी केली. साहेबांना ती सारखी दिसली.

माझ्या एका टोकाला सांडवा आहे. तलाव भरला की जास्तीचं पाणी तिथून बाहेर पडतं. मातीच्या पाळीवरून पाणी कधी जाऊ द्यायचं नसतं. गेलं, तर पाळ गुळाच्या ढेपेसारखी विरघळते. म्हणून सांडवा माझ्या माथ्यापेक्षा बराच खाली ठेवतात आणि उघडा ठेवतात. माझं सगळं आयुष्य त्या उघड्या जागेवर अवलंबून आहे. माणसांना मात्र उघडी जागा दिसली की तिथे काहीतरी करावंसं वाटतं.

काम संपलं. कामावर आलेली बंजारा माणसं माझ्या पायथ्याशी झोपड्या घालून राहिली होती, ती तिथेच राहिली. झोपड्यांची घरं झाली, घरांचा तांडा झाला. पाण्याजवळ राहावं, इतका साधा विचार होता. पाण्याच्या खाली राहू नये, हे त्यांना कोणी सांगितलं नाही. मी तर सांगूच शकत नव्हते.

तरुणपणी माझे दिवस चांगले गेले. खालच्या विहिरींना पाणी आलं. जिथे नुसती ज्वारी व्हायची तिथे गहू-हरभरा दिसायला लागला. दर पोळ्याला लोक बैल धुवायला आणायचे. नव्या नवऱ्या माझ्यावर नारळ फोडायच्या.

मग मी जुनी झाले. जुनं होणं एकदम होत नाही. आधी फरसबंदीतला एक दगड जातो. तो कुणाच्या तरी ओट्याखाली लागतो. ओटा चांगला होतो, हे बघून शेजारी दुसरा दगड नेतो. माझ्या अंगावरचे बरेच दगड आज तांड्यात आहेत. मला ते इथून दिसतात.

माझी मालकीही बदलली. मी एका खात्याकडे होते, ती दुसऱ्या खात्याकडे गेले. पहिलं खातं म्हणे दिली, दुसरं म्हणे मिळाली नाही. मधल्या काळात माझ्या कुशीत बाभळी उगवल्या, घुशींनी बिळं केली. एका वर्षी पर्यावरण दिनाला पाहुणे आले आणि माझ्या माथ्यावर झाडं लावून गेले. टाळ्या झाल्या. मातीच्या पाळीवर झाडं लावायची नसतात, मुळं आत शिरतात आणि वाळली की त्या जागी बोगदे राहतात, हे टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी कोणाला माहीत नव्हतं. झाडं जगली. सरकारी झाडं सहसा जगत नाहीत. ही जगली.

सांडव्याच्या खालच्या बाजूला हजराबीचं शेत आहे. सांडव्यातून पडलेलं पाणी तिच्या शेताच्या कडेने नाल्याला मिळायचं. हजराबीचा नवरा मेहनती माणूस होता. तो दर वर्षी वखरताना धुरा, म्हणजे शेताचा बांध, थोडासा पाण्याच्या वाटेत सरकवायचा. थोडासाच. तो गेला तोवर वाट इतकी अरुंद झाली होती की त्यातून एक शेळी जाऊ शकत होती, पाणी नाही. ती जमीन चांगली होती. तिथे पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, छातीपर्यंत वाढायची.

आणि सांडव्यावर फुलचंद होता.

फुलचंद हा रुपीबाईचा मुलगा. कापूस सोडून त्याने तलाव मासोळ्यांसाठी ठेक्याने घेतला होता. संध्याकाळी तो सांडव्यावर बसून कोंडा टाकायचा आणि मासोळ्या वर आल्या की त्यांच्याशी बोलायचा. त्यांना तो 'पोरी' म्हणायचा. तलाव भरून सांडवा वाहायला लागला की पोरी पाण्याबरोबर निघून जातात, म्हणून त्याने सांडव्याच्या तोंडावर या टोकापासून त्या टोकापर्यंत लोखंडी जाळी ठोकली. जाळी भक्कम होती. त्याने ती पुसदहून आणली होती.

मिताली मॅडम माझ्याकडे आली ती गेल्याच्या आदल्या पावसाळ्याच्या तोंडावर. यवतमाळची मुलगी, शाखा अभियंता म्हणून नव्याने आर्णीला आलेली. तिच्या आधीचे साहेब माझ्या माथ्यावर गाडी थांबवत, काच खाली करत, 'छान आहे तलाव' म्हणत आणि काच वर करत. तिने गाडी थांबवली, उतरली आणि पाण्याकडे पाठ करून सरळ खालच्या उतारावर घाणेरीच्या झुडपांत शिरली. ओढणी काट्यात अडकली तेव्हा ती सोडवत बसली नाही. ओढून फाडली आणि पुढे गेली.

पायथ्याशी, पाइपाच्या तोंडाजवळ, जमीन ओली होती. भर उन्हाळ्यातही तिथे हिरवं गवत असायचं. हजराबी विळा घेऊन तेच कापत बसली होती.

"चाची, इथे पाणी कधीपासून येतं?"

"लय सालापासून. चांगलं हाय ना मॅडम, उन्हाळ्यात बी शेळ्याइले गवत भेटते."

"गवत चांगलं आहे. पाणी चांगलं नाही."

मितालीने आपली पाण्याची बाटली ओतून टाकली, पाझराच्या पाण्याने भरली आणि उन्हात धरली. बराच वेळ बघत राहिली.

"आत्ता स्वच्छ आहे. मातीच्या पाळीतून थोडं पाणी झिरपतंच. पण ज्या दिवशी हे गढूळ येईल ना, त्या दिवशी ते पाळीची माती घेऊन येतंय असं समजायचं. हातातलं गवत तिथंच टाकायचं आणि मला फोन करायचा."

"किती वाजता करू?"

"कितीही वाजता."

हजराबीने तिचा नंबर 'पानीवाली मॅडम' म्हणून मोबाइलमध्ये घेतला. मग मिताली सांडव्यावर गेली.

"फुलचंदभाऊ, ही जाळी काढा."

"काढतो ना मॅडम. पोळा होऊ द्या."

"पूर पोळ्याची वाट बघणार नाही. जाळीत कचरा अडकला तर सांडवा बंद होईल. पाणी पाळीवर चढेल."

"आताच बीज सोडलं मी. बोटाएवढ्या पोरी हायेत. जाळी काढली तर पहिल्याच पान्यात अरुणावती नदीत जातीन."

"आणि पाळ गेली तर?"

फुलचंद हसला. "पाळ कायले जाईन? माह्या याडीनं घातली हाय ते." बंजाऱ्यांत आईला याडी म्हणतात.

मितालीने माझ्याबद्दल वर कळवलं. झाडं, बिळं, पाझर, जाळी, अडलेली वाट, सगळं. वरून उत्तर आलं की बाब गंभीर असून निधी उपलब्ध होताच विचार करण्यात येईल. हे ती माझ्यावर उभी राहून फोनवर कुणाला तरी वाचून दाखवत होती, म्हणून मला कळलं. 'गंभीर' हा शब्द मला आवडला. माझ्याविषयी इतक्या मोठ्या माणसांनी काही म्हणायची ती पहिलीच वेळ.

पोळा झाला. दिवाळी झाली. होळीही झाली. जाळी जागेवर होती. पोरी वाढून किलो-किलोच्या झाल्या.

गेल्या श्रावणात पावसाने बरेच दिवस उघडीप दिली नाही. मी पूर्ण भिजले होते. तलाव काठोकाठ होता. आणि एका सकाळी वरच्या टेकड्यांवर ढग असा रिकामा झाला की नाला गुरगुरत खाली आला. पाणी लाल होतं. त्यात मुळासकट उपटलेल्या तुरी होत्या, मागच्या सालच्या पऱ्हाट्यांचे भारे होते, प्लास्टिकची पोती, एक खाट आणि कुणाच्या तरी गोठ्याचं छप्पर.

जाळी मासे अडवण्यासाठी लावली होती. तिने कचराही तितक्याच निष्ठेने अडवला. पाहता पाहता सांडव्याची भिंत झाली. जायला जागा नसलेलं पाणी माझ्या अंगावर चढायला लागलं.

आत, पाइपाच्या कडेने, मुंग्यांची रांग निघावी तसं काहीतरी चालू झालं. मग ती रांग जाड झाली. मला भीती वाटली का, असं कोणी विचारलं तर काय सांगू? मातीला भीती वाटत नाही. माती निघून जाते, इतकंच.

पाऊस जरा कमी झाल्यावर हजराबी छत्री घेऊन शेत बघायला आली. जाता जाता तिने पाइपाजवळ वाकून पाहिलं. छत्री तिथेच टाकून तिने फोन काढला.

"मॅडम, पानी चायसारखं येऊन राह्यलं."

"जोरात येतंय?"

"बोटासारखं येत होतं. आता मनगटाएवढं हाय."

"मी निघाले. तुम्ही तांड्यात जा. सगळ्यांना गावातल्या शाळेत जायला सांगा, उंचावर. म्हातारी माणसं, लेकरं आधी. गुरं सोडून द्या."

"माहं ऐकतीन का ते?"

"माझं नाव सांगा."

"तुमचं नाव काय हाय मॅडम?"

मितालीने सांगितलं. हजराबी चिखलातून पळत सुटली. तिला तसं पळताना मी आधी कधी पाहिलं नव्हतं. तांड्यात शिरून ती प्रत्येक दारापुढे ओरडत गेली. "उठा बाप्पा, शाळंत चला! पाळीतून माती येऊन राह्यली!" बायकांनी लेकरं काखेत घेतली. कुणी सिलिंडर उचललं, कुणी टीव्ही. कोंबड्या कोणाच्याच हाती लागेनात.

रुपीबाई चुलीपुढून उठली नाही.

मितालीची गाडी रस्त्यातच अडली, नाल्याचा पूल पाण्याखाली होता. ती आली ती जहीरच्या जेसीबीत बसून. जहीर हा हजराबीचा मुलगा. आर्णीला त्याचं पंप-ट्रॅक्टर दुरुस्तीचं गॅरेज आहे आणि एक जुनी जेसीबी. मितालीने वाटेतच त्याला फोन केला होता.

तोवर गावातले पुरुष पाझरापाशी जमले होते आणि चिखल भरलेली पोती भोकावर दाबत होते. मितालीने लांबूनच हाक मारली.

"बूच मारू नका! पाणी येऊ द्या, माती अडवा!"

"म्हंजे काय करू मॅडम?" सरपंच शंकरसिंगने विचारलं. "दोन्ही तर संगंच येऊन राह्यले."

"इथे बंद केलं तर ते दुसरीकडून फुटेल. आधी वाळू टाका, तिच्यावर बारीक गिट्टी, मग मोठी. चहा गाळतो तसं. पाणी निघेल, माती आत राहील."

तांड्यात एकाच्या घरकुलासाठी वाळू-गिट्टी येऊन पडली होती. ती घमेल्यांनी आणली. ज्याची होती तोही आणत होता. माझ्या पायाशी ढीग पडला आणि आतली रांग थोडी सुस्तावली. थांबली नाही. पाणी माझ्या माथ्याला हातभर कमी होतं आणि वरून येतच होतं.

"पाणी उतरवल्याशिवाय हे टिकणार नाही," मिताली म्हणाली. "जाळी तोडा. आणि तांड्यात कोण राहिलंय?"

"फुलचंदची याडी."

मिताली स्वतः खाली गेली. माझ्या जिवाला घोर लागला होता. रुपीबाईचं घर पाइपाच्या अगदी समोर आहे. मी गेले असते तर सगळ्यात आधी तिथेच गेले असते.

"आजी, चला."

"कायले? पाळ फुटत नाही. म्या घातली हाय ते."

"तुम्ही घातली तेव्हा चांगलीच घातली. पण आता ती आतून झिजतेय. एकदा येऊन बघा. नाही पटलं तर मी तुमच्यासोबत इथे येऊन बसते."

रुपीबाईने तिच्याकडे पाहिलं. ही बाई खरंच येऊन बसेल, असं तिला वाटलं असावं. ती काठी घेऊन उठली.

पाझरापाशी ती वाकली. गढूळ पाण्यात हात घातला, मूठ बंद केली, वर काढली आणि उघडली. तळहातावर चिकट माती होती.

"काळी हाय," ती म्हणाली. "आतली हाय हे. पोटातली."

मग तिने हात पदराला पुसला आणि माझ्या उतारावरून, एका हाताने काठी आणि दुसऱ्या हाताने मितालीचा दंड धरून, सांडव्याकडे चढायला लागली.

फुलचंद सांडव्यावर उभा होता. हातात तारा तोडायची कातर होती. कमरेला दोर बांधला होता, त्याचं दुसरं टोक चार माणसांनी धरलं होतं. तयारी सगळी झाली होती. तो फक्त उतरत नव्हता.

"काट," रुपीबाई म्हणाली.

"याडी, सालभर वाढोल्या मी. दिवाळीले काढनार होतो. एकडाव जाळी गेली का एक बी राह्यत नाही."

"मासोळ्या पोहून जातीन. आपले लेकरं पोहून जातीन का?"

फुलचंद पाण्यात उतरला. कचऱ्याच्या ढिगाऱ्याला धरून तो जाळीच्या खांबापर्यंत गेला, एक एक तार तोडत गेला, दोनदा पाण्याखाली दिसेनासा झाला, दोनदा चौघांनी दोर ओढून त्याला वर काढलं. शेवटचा खांब वाकला तसं सगळंच एकदम गेलं. तुरी, खाट, छप्पर, जाळी आणि मागोमाग पोरी. पाण्यात चंदेरी काहीतरी लखलखत राहिलं. फुलचंद काठावर बसून ते बघत होता. त्याच्या हाताला कापलं होतं, ते त्याला बऱ्याच वेळाने कळलं.

पाणी सांडव्यातून सुटलं आणि थोडं खाली जाऊन अडलं. पुढे वाट नव्हती. पुढे हजराबीचं शेत होतं. पाणी तिथे फुगून पुन्हा माझ्याकडे मागे सरकायला लागलं.

जहीरने जेसीबी शेताच्या कडेला नेली आणि थांबवली. पऱ्हाटी फुलावर होती. हजराबी धुऱ्यावर उभी होती, भिजून चिंब. मायलेक घरात हिंदीत बोलतात.

"अम्मी," जहीरने वरून विचारलं, "किधरसे काटू? नीचेसे काटा तो अपना कम जायेगा, लेकिन टाइम लगेगा. सीधा काटा तो आधा खेत जायेगा."

हजराबीने वळून तांड्याकडे पाहिलं. मग ती पऱ्हाटीत शिरली, पावलं टाकत टाकत एका जागी जाऊन थांबली आणि पायाने जमिनीवर रेघ ओढली.

"तेरे अब्बाने जहाँसे लिया था, वहाँसे काट."

जहीरने बकेट खाली टाकली.

ती रेघ सरळ होती. फुलावरची पऱ्हाटी मातीसकट बाजूला पडत गेली आणि वाट नाल्याला भिडली तसं पाणी त्यात घुसलं. जहीरने कापलं त्याच्या दुप्पट पाण्याने स्वतःच कापून घेतलं. शेताचा खालचा अर्धा भाग नाल्यात गेला. हजराबी जिथे रेघ ओढली होती तिथून मागे सरकत सरकत बांधावर आली आणि तिथे बसली. मिताली तिच्या शेजारी जाऊन बसली.

तिसऱ्या प्रहरी पाणी माझ्या अंगावरून उतरायला लागलं. पाझर पातळ झाला, मग स्वच्छ झाला. मी उभी राहिले.

मितालीचं मात्र तेवढ्यावर भागलं नाही. दुसऱ्या दिवशी तिने जहीरला सांडव्याचा उंबराच खोल कापायला लावला आणि सगळा तलाव रिकामा केला. "पाइपाभोवती आत पोकळ झालंय," ती शंकरसिंगला म्हणाली. "पुन्हा पाणी चढलं तर ही वाचणार नाही."

पाळ फुटली नाही. कोणी वाहून गेलं नाही. त्यामुळे बातमीही आली नाही. खालच्या गावांनी आठवडाभर रोहू आणि कतला खाल्ल्या. एकाने फुलचंदला फोन करून चव चांगली असल्याचं कळवलं.

लोक तांड्यात परत आले, घरं कोरडी होती. पहिले काही दिवस सगळे मितालीला देवमाणूस म्हणत होते. मग पाऊस गेला. विहिरी खाली गेल्या. गहू पेरायची वेळ आली आणि तलावात भेगाळलेला गाळ होता. तेव्हा लोक विचार करायला लागले, आणि विचार करता करता त्यांना वाटायला लागलं की पाळ तर फुटलीच नाही, मग तलाव कायले रिकामा केला?

सभा माझ्यावरच भरली, कारण प्रत्येकाला कापलेली जागा बोटाने दाखवायची होती.

"मॅडम, तुमचे उपकार हायेत," शंकरसिंग म्हणाला. "पन पाळ शाबूत हाय. हा कट बुजवा. पुढच्या पावसात तरी पानी अडलं पाह्यजे."

"पाइपाभोवतीचं खोदून नीट केल्याशिवाय बुजवता येणार नाही."

"ते कवा होईन?"

"मंजुरी आली की."

मागे हशा पिकला. कोणीतरी म्हणालं, "मॅडम त्या दिशी घाबरून गेल्या होत्या." कोणीतरी म्हणालं, "आपनच बुजवू दोन ट्रॅक्टर मुरूम टाकून." माना डोलायला लागल्या. मितालीचा चेहरा पडला. दोन ट्रॅक्टर मुरूम टाकायला परवानगी लागत नाही, हे तिलाही माहीत होतं.

फुलचंद उठला. त्याचं सगळ्यात जास्त गेलं होतं, म्हणून लोक गप्प झाले. "याडीले बोलायचं हाय," एवढंच म्हणून तो बसला.

रुपीबाई बसूनच बोलली.

"मी आता म्हातारी झालो. माह्या डोक्यावर कोनी टोपली देते का? सून पान्याचा हंडा बी उचलू देत नाही. मंग हे पाळ तं माह्या बरोबरीची हाय. हिच्या छातीवर एवढं पानी कायले देऊन राह्यले? आधी तिचं दुखनं पाहा. तवर रिकामी राहू द्या."

ट्रॅक्टरचा विषय पुन्हा कोणी काढला नाही. मला वाईट वाटलं की बरं वाटलं, हे मी अजून ठरवलेलं नाही. माझ्यावर सगळ्यात जास्त विश्वास ठेवणाऱ्या बाईनेच माझ्यावर भरवसा ठेवू नका असं सांगितलं, आणि ते बरोबर होतं.

हिवाळाभर हजराबीच्या शेतात गावातल्या लोकांनी पुराने आणलेले दगड वेचले. तिचं जेवढं राहिलं तेवढ्यात तिने हरभरा टाकला. जहीर म्हणतो, शेत विकून आर्णीला चल. ती म्हणते, शेळ्या कुठं बांधू? फुलचंद यंदा जहीरच्याच गॅरेजात पंप खोलायला शिकतोय. अजून त्याच्या बोलण्यात पोरी येतात.

उशिरा का होईना मंजुरी आली आणि माझं काम सुरू झालंय. पर्यावरण दिनाची झाडं मुळांसकट काढली. त्या वेळी कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. घुशींची बिळं उकरून, ओली माती भरून, ठोकून बंद केली. पाइपाभोवती खोल चर खणलाय. तिथवर येऊन काम थांबलंय. यंत्र दुसरीकडे गेलंय, येईल म्हणतात. मितालीची बदली होईल असंही म्हणतात. ती अजून येते आणि चरात उतरून बघते.

अशी मी आज आहे. पोट उघडं, एका टोकाला कापलेली, पाण्याच्या बाजूला गाळात गुरं चरताहेत. माझ्यासारख्या या जिल्ह्यात पुष्कळ आहेत. बहुतेकींच्या अंगावर झाडं आहेत आणि पायथ्याशी घरं आहेत. त्यांच्यापाशी कोणी हजराबी गवत कापायला जाते की नाही, मला माहीत नाही.

मृग जवळ येतोय. त्याआधी काम झालं तर मला पुन्हा पाणी द्या. मी धरीन. नाही झालं, तर घाईने बुजवू नका. कापलेली जागा तशीच उघडी राहू द्या, नाला त्याच्या वाटेने जाऊ द्या. मग मी पाळ राहणार नाही. दोन बाजूंना दोन टेकाडं राहतील, त्यावर गवत येईल, आणि काही वर्षांनी इथे काय होतं ते कोणाला सांगताही येणार नाही. चालेल. तांड्यातल्या चुलींचा धूर मला इथून रोज दिसतो. तो दिसला की झालं.